याबेसची प्रार्थना आणि बांधावरचा प्रश्न

आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो. नगर जिल्ह्यातलं गाव, मिशनच्या काळातलं दगडी चर्च, बारा-चौदा माणसं. त्यात शेतकरी आहेत, दोन शिक्षक आहेत, एक नर्सताई, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आणि अर्धी स्तोत्रसंहिता तोंडपाठ असलेल्या एक आजी. वर्षातून दोन-तीनदा आम्ही एखादं ख्रिस्ती पुस्तक निवडतो आणि वचनासोबत वाचतो. ते आधी वाचून, तपासून, मंडळीपुढे ठेवायचं काम माझ्याकडे आहे. त्यातलं एक प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण गावोगावच्या अभ्यासगटांपुढे हाच पेच येतो. पुस्तक इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच प्रमाण मानणाऱ्या परंपरेतलं आहे, लेखक सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात शिकलेला आहे, पानोपानी वचनं आहेत. मग तपासायचं काय?

पुस्तक होतं ब्रूस विल्किन्सन यांचं ‘द प्रेयर ऑफ जाबेझ’, म्हणजे याबेसची प्रार्थना. नर्सताईंना त्यांच्या भावानं इंग्रजी प्रत दिली होती. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “हे घ्या ना या खेपेला. छोटं आहे, सगळ्यांना झेपेल.” पुस्तक खरंच छोटं आहे, शंभर पानंसुद्धा नाहीत. एका बैठकीत वाचून होतं, आणि वाचून झाल्यावर माणूस गुडघे टेकायला उठतो. हा गुण मी सुरुवातीलाच मान्य करतो. ईश्वरविज्ञानाची कित्येक जाडजूड पुस्तकं वाचून प्रार्थना करावीशी वाटत नाही.

विल्किन्सन हे डॅलस थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकले. ‘वॉक थ्रू द बायबल’ ही शिक्षणसंस्था त्यांनी उभी केली. सामान्य माणसाला सबंध बायबल समजावं यासाठी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली आहेत. हे पुस्तक २००० साली अमेरिकेत निघालं आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या नव्वद लाखांच्या आसपास प्रती खपल्या. २००१ साली तिथल्या इव्हँजेलिकल प्रकाशकांच्या संघटनेनं त्याला वर्षाचं पुस्तक म्हणून गौरवलं. मग मुलांसाठी वेगळी आवृत्ती, तरुणांसाठी वेगळी, स्त्रियांसाठी वेगळी, रोजनिश्या, कप, की-चेन असा सगळा बाजार त्याच्यामागे उभा राहिला. पण खप आणि बक्षीस यांवरून पुस्तक खरं की खोटं हे ठरत नाही, दोन्हीकडून नाही. लोकप्रिय आहे म्हणून नाक मुरडणं हाही आळसच आहे.

मूळ वचन

एवढं सगळं पुस्तक ज्यावर उभं आहे ती वचनं दोन: जुन्या करारातल्या १ इतिहास या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायातल्या ओव्या ९ आणि १०. पहिल्या नऊ अध्यायांत नुसत्या वंशावळी आहेत. यहूदाच्या वंशाची नावं चालली असताना मध्येच एक माणूस येतो, याबेस. तो भावांपेक्षा अधिक मानाचा होता. आईनं त्याला वेदनेत जन्म दिला म्हणून तसं नाव ठेवलं. त्यानं इस्राएलाच्या देवाची प्रार्थना केली: मला आशीर्वाद दे, माझी सीमा वाढव, तुझा हात माझ्यावर असू दे, अरिष्टापासून मला राख. आणि त्यानं जे मागितलं ते देवानं दिलं. इतकंच. बापाचं नाव नाही, पुढे काय झालं ते नाही. त्यानंतर पुन्हा वंशावळ सुरू होते.

विल्किन्सन या प्रार्थनेचे चार भाग करतात आणि एकेका भागावर एकेक प्रकरण लिहितात. त्यातलं एक प्रकरण मला मनापासून पटलं. ‘अरिष्टापासून राख’ यावर ते म्हणतात की आपण मोहाशी लढायला बळ मागतो, पण मोहाच्या वाटेलाच जाऊ नये असं मागत नाही. प्रभूनं शिकवलेली प्रार्थनाही हेच मागते. दारूच्या दुकानावरून रोज जाणाऱ्या माणसाला ‘दुसऱ्या रस्त्यानं जा’ हे सांगणं किती गरजेचं असतं, ते आमच्या मंडळीला नीट माहीत आहे.

आशीर्वादाच्या प्रकरणातही ते सांभाळून लिहितात. देवाकडे महागडी मोटार आणि लठ्ठ पगार मागा असं सांगणाऱ्या शिकवणीपासून ते स्वतःला वेगळं काढतात. आशीर्वाद काय असावा हे याबेसानं देवावर सोडलं, असं ठासून सांगतात. पुस्तक समृद्धीच्या सुवार्तेचं आहे असा शिक्का मारून बाजूला ठेवणारे समीक्षक मी वाचले आहेत. त्यांनी ही पानं वाचली नसावीत असं वाटतं.

पण थोडं पुढे, सीमेच्या प्रकरणात, तोच लेखक लिहितो की याबेस वॉल स्ट्रीटवर कामाला असता तर त्यानं आपल्या गुंतवणुकीची किंमत वाढव अशी प्रार्थना केली असती. देवाकडे जास्त धंदा मागावा का, असं ख्रिस्ती व्यावसायिक विचारतात तेव्हा ते जोरात होकार देतात. अट एवढीच की धंदा देवाच्या रीतीनं चाललेला असावा. आधीच्या प्रकरणात पुढच्या दारानं बाहेर काढलेली गोष्ट इथे मागच्या दारानं घरात आली. पुस्तक तपासताना मी हे नेहमी शोधतो. लेखक जे नाकारतो असं म्हणतो, ते त्याच्या उदाहरणांतही नाकारलेलं आहे का? विधान लिहिताना माणूस सावध असतो. उदाहरण देताना तो मोकळा होतो.

काकांचा प्रश्न

पहिल्या बुधवारी मी पुस्तकाचा गोषवारा मराठीत सांगितला. ‘माझी सीमा वाढव’ इथे आलो, तशी मागच्या बाकावरून एका शेतकरी काकांनी हात वर केला.

“सीमा वाढव म्हणजे काय हो? माझा बांध पुढं सरकला, तर तो कुणाच्या तरी वावरातच सरकणार.”

कोणी हसलं नाही. आमच्याकडे बांध कोरण्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले आहेत. नांगराच्या एका तासानं दरवर्षी वीतभर बांध कोरत नेणारी माणसं सगळ्यांना ठाऊक आहेत. ज्यांच्याकडे जमीन हा वादाचा विषय नाही, तिथल्या वाचकाला ‘सीमा’ म्हणजे संधी, प्रभाव, सेवेचं क्षेत्र असं सहज वाटतं. आमच्या काकांना आधी बांध दिसला. आणि मूळ शब्दाच्या जवळ काकाच होते.

आमचे पाळकसाहेब सेमिनरीत हिब्रू शिकलेले. त्यांनी दुसऱ्या बुधवारी हिब्रू बायबल आणलं. सीमेसाठी तिथे ‘गेवूल’ हा शब्द आहे. हाच शब्द अनुवाद १९:१४ मध्ये येतो, जिथे शेजाऱ्याची हद्द सरकवू नको अशी आज्ञा आहे. अनुवाद २७:१७ मध्ये तसं करणाऱ्याला शाप आहे. आणि हाच शब्द निर्गम ३४:२४ मध्ये, अनुवाद १२:२० मध्येही आहे: परमेश्वर तुझ्या सीमा वाढवील. म्हणजे सीमा वाढणं हे इस्राएलाला दिलेलं वचन होतं, आणि दुसऱ्याची हद्द न सरकवणं ही त्याच वचनाची दुसरी बाजू. याबेस हवेतून काही मागत नव्हता. देवानं आपल्या लोकांशी जो करार केला, त्यातलंच आपल्या वाट्याचं मागत होता.

हे कळल्यावर प्रश्न पडतो की इतिहासाच्या लेखकानं नेमकी हीच गोष्ट वंशावळीत मध्येच का घातली. हे ग्रंथ बाबेलच्या बंदिवासानंतर मायदेशी परतलेल्या यहूदी लोकांसाठी लिहिले गेले. यरुशलेमच्या भोवती उरलेला छोटासा मुलूख, बाकी सगळं पर्शियन साम्राज्याचं. अशा लोकांना सांगायचं आहे की वेदनेचं नाव घेऊन जन्मलेल्या माणसानं देवाला हाक मारली आणि देवानं ऐकलं. पुढच्याच अध्यायात, ५:२० मध्ये, रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश हे इस्राएलातले लोक लढाईत हाक मारतात आणि त्यांचंही ऐकलं जातं. पुढे यहोशाफाट, मनश्शे या राजांच्याही गोष्टींत तेच. हाक मारणाऱ्याचं देव ऐकतो, हा या ग्रंथाचा धागाच आहे. विल्किन्सन यांनी तो धागा पकडला नाही. त्यांनी एक मणी काढून घेतला.

नावातली अक्षरं

इथे जरा रेंगाळतो, कारण त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त रस इथेच आला.

‘वेदना’ या अर्थाच्या हिब्रू शब्दात तीन व्यंजनं आहेत: अयिन, त्सादे, बेथ. ‘याबेस’ या नावात तीच तीन आहेत, पण शेवटची दोन उलटी. जसं ‘कमल’चं ‘कलम’ व्हावं. आईला म्हणायची होती वेदना, पण नावात ती अक्षरं थोडी हललेली आहेत. उत्पत्ती ३:१६ मध्ये हव्वेला प्रसूतीच्या क्लेशांबद्दल जे सांगितलं, तिथेही हेच मूळ आहे. म्हणजे याबेसाच्या नावात एदेन बागेबाहेरचं सगळं दुःख भरलेलं आहे, आणि तो देवाला म्हणतो, हे नाव माझ्यावर खरं होऊ देऊ नको.

प्रार्थनेच्या शेवटी तीच अक्षरं परत येतात. विल्किन्सन जे इंग्रजी भाषांतर वापरतात, त्यात शेवटचा भाग ‘मी वेदना देऊ नये’ असा आहे. जुन्या किंग जेम्स भाषांतरात अर्थ ‘मला वेदना होऊ नये’ असा आहे. हिब्रूत एकच शब्द आहे आणि बहुतेक भाषांतरकार दुसऱ्या अर्थाकडे झुकतात. आपापलं मराठी बायबल उघडून तिथे काय आहे ते पाहा, असं पाळकसाहेबांनी सांगितलं, आणि सगळ्यांनी पाहिलं.

याच्या आधीचा ‘अरिष्टापासून’ हा शब्दही गमतीचा आहे. हिब्रू मुळात स्वरचिन्हांशिवाय लिहिली जाई. याच व्यंजनांना दुसरे स्वर लावले तर ‘कुरण’ असा शब्द होतो, आणि काही अभ्यासकांनी इथे कुरण असं वाचावं असं सुचवलं आहे. परंपरेतलं वाचन अरिष्टाचंच आहे आणि आम्ही तेच धरलं. पण याच अध्यायात, ४:३९-४० मध्ये, शिमोनाचे लोक कळपांसाठी कुरण शोधत निघतात आणि त्यांना ते सापडतं. हे वाचल्यावर काका म्हणाले, “म्हणजे गुराढोरांचीच काळजी आहे की सगळी.” एवढी मातीतली प्रार्थना वॉल स्ट्रीटवर कशी पोचली, याचं त्यांना खरंच आश्चर्य वाटलं.

आणखी एक. प्रार्थनेची सुरुवात हिब्रूत ‘जर’नं होते. तू मला आशीर्वाद दिलास तर, माझी सीमा वाढवलीस तर… आणि वाक्य तिथेच थांबतं. उत्पत्ती २८ मध्ये याकोब असंच ‘जर’ म्हणून सुरू करतो, पण तो पुढे ‘तर मी दशमांश देईन’ असं म्हणतो. आपल्याकडे ज्याला नवस बोलणं म्हणतात, तसं. याबेसाच्या वाक्यात ‘तर’ नाही. तो काही कबूल करत नाही, सौदा करत नाही. उसासा टाकावा तसं मागणं तेवढं उरतं.

‘नेहमी’ हा एक शब्द

पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानावर लेखक वाचकाला सांगतो की देव जिचं उत्तर नेहमी देतो, अशी एक धाडसी प्रार्थना मी तुला शिकवणार आहे. माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा न्याय या एका ‘नेहमी’वर होतो.

वचन काय म्हणतं? देवानं त्याला दिलं. एका माणसाला, एकदा. यावरून ‘देव देतो’ इथपर्यंत जाता येतं, कारण इतिहासाचा ग्रंथ आणि सबंध शास्त्र त्याला साक्ष आहे. पण ‘हे शब्द म्हणणाऱ्याला देव नेहमी देतो’ इथे जायला वचनात पायरी नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं दुःखाचा प्याला टळावा असं मागितलं. प्याला टळला नाही.

आणि शेवटच्या प्रकरणात पुस्तक वाचकाला सांगतं की महिनाभर रोज सकाळी ही प्रार्थना करा, ती लिहून डोळ्यांसमोर लावा, काय बदलतं त्याची नोंद ठेवा. शिवाय मध्ये एक गोष्ट आहे: जोन्स नावाचा माणूस स्वर्गात जातो आणि तिथे त्याला एक कोठार दिसतं, लाल फिती बांधलेल्या पांढऱ्या खोक्यांनी भरलेलं. त्याच्या नावाच्या खोक्यात त्यानं कधी न मागितलेले आशीर्वाद असतात. गोष्ट गोड आहे. पण तिचा अर्थ उलट करून वाचा: मिळालं नाही, म्हणजे तू मागितलं नाहीस.

तिसऱ्या बुधवारी सगळे गेल्यावर नर्सताई थांबल्या. पिशवीतून त्यांनी एक शंभर पानी वही काढली. त्यांनी हे पुस्तक आधीच करून पाहिलं होतं. समासात एक ते तीस आकडे, प्रत्येकापुढे तारीख आणि बरोबरची खूण. काही दिवसांपुढे एखादी ओळ: आज ड्यूटीवर रागावले नाही. आज भावाचा फोन आला. तिसाव्या दिवसापुढे फक्त खूण होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या काय मागत होत्या हे सांगायची गरज नव्हती.

“माझं काहीतरी चुकलं असणार,” त्या म्हणाल्या. “एक दिवस रात्रपाळी होती, सकाळची प्रार्थना दुपारी केली मी.”

पुस्तकाचं मूल्यमापन करायचं म्हणजे काय, हे मला त्या वहीनं शिकवलं. विल्किन्सन यांनी हे असं लिहिलेलं नाही. रात्रपाळी झाली तर प्रार्थना वाया जाते असं ते कुठेही म्हणत नाहीत, आणि समोर असते तर त्यांनीही ताईंना धीरच दिला असता. पण ‘नेहमी’ असं लिहिलं की न मिळालेल्या माणसाकडे दोनच वाटा उरतात: देव खोटा, नाहीतर मी चुकलो. विश्वास असलेला माणूस दुसरी वाट धरतो आणि स्वतःला कोरत बसतो. ज्या पुस्तकात विलापाला जागा नाही, ते दुखावलेल्या माणसाच्या हातात देताना मला भीती वाटते. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं इतकी आहेत ती उगाच नाहीत.

बायबलमध्ये मूल व्हावं म्हणून देवापुढे रडलेल्या हन्नेबद्दल मी ताईंना काही बोललो नाही. हन्नेला मूल झालं. मी त्यांच्यासोबत तेराव्या स्तोत्राची सुरुवात वाचली, ‘हे परमेश्वरा, कोठवर?’

आफ्रिकेतली पुढची गोष्ट

चर्चेत कुणीतरी विचारलं की लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यात ही प्रार्थना कशी फळली. उत्तर जगजाहीर आहे. २००२ साली विल्किन्सन दक्षिण आफ्रिकेत गेले आणि ‘ड्रीम फॉर आफ्रिका’ हे काम सुरू केलं. शेजारच्या स्वाझिलँडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीत, एड्सनं घरंच्या घरं रिकामी होत होती. तिथे १०,००० अनाथ मुलांसाठी एक मोठी वसाहत उभारायची योजना त्यांनी मांडली आणि सरकारकडे त्यासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं जमीन मागितली. जमीन परक्याच्या हाती देण्याला आणि मुलांना नातलगांपासून तोडण्याला तिथे विरोध झाला. २००५ च्या अखेरीस विल्किन्सन त्या कामातून बाहेर पडले आणि योजना बारगळली.

हे मी पुस्तकाविरुद्ध पुरावा म्हणून धरलं नाही. चांगल्या हेतूची कामं फसतात, मिशनच्या इतिहासात तर शेकड्यानं. अनाथांसाठी घरदार सोडून गेलेल्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण काकांनी शांतपणे विचारलं, “तिथंही बांधाचाच प्रश्न आला ना?” आला होता. सीमा वाढव असं मागताना पलीकडच्या वावरात कोण आहे हे विचारायची सवय पुस्तकानं लावलेली नाही, ही उणीव मात्र मी टिपणात लिहिली.

निर्णय

चौथ्या बुधवारी ठरलं ते असं. पुस्तक अभ्यासासाठी घ्यायचं नाही. पण ते मंडळीच्या कपाटात राहील, लपवायचं नाही, कारण ते लोकांना प्रार्थनेकडे ढकलतं आणि मोहाबद्दलचं प्रकरण चांगलं आहे. आतल्या पानावर मी मराठीत अर्ध्या पानाचं टिपण चिकटवलं: वचन एका माणसाची गोष्ट सांगतं, पुस्तक तिचा नियम करतं, ५:२० सोबत वाचा, २ करिंथ १२ सोबत वाचा, शेवटच्या प्रकरणातली महिन्याची नोंदवही करू नका. पाळकसाहेबांनी खाली सही केली. एका शिक्षकांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते नवीन विश्वासणाऱ्याला असं सोपं पुस्तक द्यावं, टिपणाशिवाय, आणि बाकीचं हळूहळू शिकवावं. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. टिपणाखाली त्यांचंही मत एका ओळीत लिहिलं आहे.

परदेशी पुस्तकं तपासताना आपल्याकडचं भांडवल आपण विसरतो. केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत सबंध बायबल आणलं, आणि तिथल्या बायकांनीच ते छापखान्यात जुळवलं. मूळ शब्दापर्यंत जायचा रस्ता आमच्या जिल्ह्यापासून तसा लांब नाही.

मग अभ्यासाला काय घ्यायचं, हा प्रश्न उरला. आजी म्हणाल्या, “दोन ओव्यांवर चार आठवडे घालवले. आता तो सगळा ग्रंथच घ्या की. नावं असली म्हणून काय झालं, माणसंच आहेत ना ती.”

पुढच्या बुधवारी १ इतिहास उघडलं. वाचायला कोण, असं विचारल्यावर नर्सताईंनी चष्मा लावला आणि पहिल्या अध्यायाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “आदाम, शेथ, अनोश…” याबेसापर्यंत पोचायला आम्हाला सहा आठवडे लागले.